बिनहाताची खुर्ची

जठारपेठ, अकोला
१६ जून १९६३

बाबा, तुम्हाला आणि मायला जयभीम.

ललिता हे पत्र वाचून दाखवेल तेव्हा तुम्ही ओट्यावर सुपारी कातरत बसले असाल, म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. नोकरी लागली. इथल्या एका जिनिंगच्या ऑफिसात, बसून करायचं काम आहे. साहेबांचं नाव केशवराव, माणूस चांगला आहे. जठारपेठेत त्यांच्याच जागेत मला एक खोली दिली आहे.

कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून तुम्ही रागावलात. त्यावर आता काय बोलू? बी.ए. बाहेरून बसूनही होतं, ते मी करीन. मायला सांगा, खानावळ बरी आहे. वरणात पाणी जरा सढळ हातानं घालतात, एवढंच.

ललिते, आता थांब. इथून पुढं डोळ्यांनी वाच, तोंडानं नको. बाबांनी विचारलं तर सांग, दादानं माझ्या अभ्यासाचं लिहिलंय.

जिनिंगचं ऑफिस वगैरे काही नाही. केशवरावांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे आणि त्यांचा एक ऑर्केस्ट्रा आहे, 'रॉकिंग स्टार्स'. दोन गिटारी, एक अकॉर्डियन आणि मी. मी ड्रम वाजवतो आणि वाजवता वाजवता इंग्रजी गाणी म्हणतो. अमरावतीला होस्टेलवरून रविवारी बडनेऱ्याला जायचो ते अभ्यासाला नव्हे. तिथल्या रेल्वेच्या क्लबात एक म्हातारा गार्ड ड्रम वाजवायचा. एकदा त्यानं काड्या माझ्या हातात दिल्या आणि माझे हात आपोआप चालायला लागले. "किदर सीखा?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, कहीं नहीं. खोटं बोलायला तिथून सुरुवात झाली.

कुठं शिकलो ते तुला मी सांगायला पाहिजे, कारण तू तेव्हा फार लहान होतीस. बाबा डफडं वाजवायचे. गावाचं लग्न, गावाचा पोळा, गावाचं मयत, सगळ्याला आपल्या वस्तीनंच वाजवायचं, आणि पंगत उठल्यावर अंगणाच्या कडेला जे उरलंसुरलं येईल ते खायचं. मी बाबांच्या मांडीला टेकून बसायचो. मग बाबा नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या वस्तीतली सगळी डफडी पडक्या विहिरीत टाकली. पहिलं स्वतःचं टाकलं. पुढच्या पोळ्याला खुशालराव पाटलाचं बोलावणं आलं तेव्हा बाबा दारात उभे राहून म्हणाले, "आता नाई वाजवत आमी." तेवढ्या बोलण्यावर गावानं आपल्याला कामावर बोलावणं बंद केलं. माय नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची, ते तुला आठवत असेल.

आणि त्या माणसाचा मुलगा आता काड्या घेऊन बसलाय. मला लाज वाटते. वाजवायला बसलो की वाटत नाही, आणि उठलो की पुन्हा वाटते. बाबांना सांगू नकोस, तुला शपथ आहे.

तुमचा,
धर्मपाल


अकोला
३० ऑगस्ट १९६३

बाबा, जयभीम.

ललितेच्या हातचं तुमचं पत्र मिळालं. तुम्ही विचारलंत, "खुर्ची हाताची हाये का बिनहाताची? हाताची सायबाची राह्यते, बिनहाताची कारकुनाची." तर बाबा, माझी खुर्ची बिनहाताची आहे. पण गोल आहे, वर गादी आहे आणि ती चक्क फिरते. खाली-वरही करता येते. मायला सांगा, आपल्या वस्तीत फिरत्या खुर्चीवर बसणारा मी पहिलाच.

काम हाताचं आहे, डोक्याला ताण नाही. साहेब खूश आहेत.

ललिते, हसू नकोस. यातला शब्द न् शब्द खरा आहे, ड्रमचं स्टूल तसंच असतं. खरं बोलूनही खोटं बोलता येतं हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, आपलं आपणच येतं.

परवा गंमत झाली. म्हणजे गंमत नव्हे. गणपतीचा कार्यक्रम होता आणि ओल्या हवेनं ड्रमचं चामडं ढिलं पडलेलं. आवाज येईना. सगळे हात चोळत बसले. मी खानावळीतून शेगडी मागवली, ड्रम तिच्यावर धरून फिरवत राहिलो आणि मधूनमधून कानाजवळ नेऊन टिचकी मारून पाहिली. बाबा पऱ्हाटीच्या जाळावर डफडं शेकायचे तसं. चामडं गरम झाल्यावर जो वास येतो ना, तो आला आणि मला एकदम रडू आलं. केशवराव म्हणाले, "वा रे पॉल! हे कोठी शिकला तू?" मी म्हटलं, पुस्तकात वाचलं.

पॉल म्हणजे मीच. त्यांनी माझं नाव डी. पॉल ठेवलंय, बोर्डावर ते बरं दिसतं म्हणे. लोकांना वाटतं, हा गोव्याचा ख्रिश्चन. मी कुणाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दीक्षेपर्यंत मी सोमा होतो. धर्मपाल हे नाव बाबांनी नागपूरहून आणलं. घरी आल्यावर मला समोर उभं करून त्यांनी ते तीनदा म्हणून दाखवलं होतं. ते नाव मी कापून लहान केलं. यावर मला काही बोलू नकोस, मीच रोज बोलतो स्वतःला.

तुमचा,
धर्मपाल


चिखलदरा
१२ मे १९६५

बाबा, मायला आणि तुम्हाला जयभीम.

उन्हाळ्याचं साहेबांनी आम्हा सगळ्यांना हवा खायला इथं आणलं आहे. भर वैशाखात रात्री गोधडी लागते, सांगून खरं वाटणार नाही. इथं कॉफीची झाडं आहेत. फळं पिकली की लाल होतात म्हणे, बोरांएवढी. कॉफी मात्र काळी आणि कडू. मायला आवडायची नाही.

तुम्ही विचारलंत, ऑफिसात आवाज फार असतो का, कानात कापूस घालत जा. जिनिंगमध्ये मशिनी असतात हे तुमच्या लक्षात राहिलं, बाबा. आवाज असतो. कापूस घालीन.

ललिते, आता तुझ्याशी. आम्ही इथल्या एका हॉटेलात महिनाभर वाजवतोय. नागपूरची, मुंबईची माणसं येतात, ट्विस्ट करतात, साहेबमाणसं घामाघूम होईपर्यंत कंबर हलवतात. मी इंग्रजी गाणी रेडिओवरून ऐकून पाठ केली आहेत, अर्ध्याचा अर्थ मला कळत नाही. पण पाय मोठ्या ड्रमवर, हात वर, आणि गळा मोकळा सोडला की समोरची पन्नास माणसं माझ्या पायावर नाचतात. ललिते, त्या वेळी मला जगात कुणाचीच भीती वाटत नाही. अकोल्यात मी रस्त्यानं निघालो की कॉलेजची पोरं सायकलींच्या सीटवर ताल धरतात. परवा एक बाई म्हणाली, तुमच्या रक्तातच आहे हो. मी माझा काळा चष्मा पुसत बसलो.

बाबांनी एकदा ऐकावं असं मला फार वाटतं. आणि बाबांनी कधीच ऐकू नये असंही वाटतं. दोन्ही खरं आहे. तुझ्या मॅट्रिकचं काय झालं ते कळव, आणि हे पान नेहमीसारखं फाडून टाक.

तुमचा,
धर्मपाल


अकोला
३ जुलै १९६६

बाबा, जयभीम.

पत्राला उशीर झाला, ऑफिसात काम फार होतं. माझी प्रकृती बरी आहे. मायच्या गुडघ्याला बिब्ब्याचं तेल लावत जा. पेरणी झाली का ते कळवा.

ललिते, पुढचं बाहेर जाऊन वाच. शेताकडे नेऊन वाच. हे लिहायला मला दीड महिना लागला.

मे महिन्यात अमरावतीला एका लग्नाच्या स्वागतसमारंभाचं काम आलं. बोलावणं मुलीकडच्यांचं होतं, मुलगा कुठला ते मी विचारलंच नाही. चार गाणी झाल्यावर समोर पाहतो तर खुशालराव पाटील. फेटा, तीच मिशी, फक्त पांढरी झालेली. नवरदेव म्हणजे त्यांचा उत्तमराव.

मी उठून जायला हवं होतं. पोटात दुखतं म्हणायचं आणि उठायचं. मी काय केलं? काळा चष्मा लावला आणि आणखी जोरात वाजवलं. का, ते मला अजून सांगता येत नाही. बहुतेक त्यांनी ऐकावं असं वाटलं.

त्यांनी ऐकलं. गाणं संपल्यावर ते स्वतः चालत मंचाजवळ आले. "वा! काय हात चालते याचा! आमच्या गावच्या पुंज्याचा चाले असा. कोन्या गावचा रे तू?"

ललिते, त्या माणसानं माझ्या हातात बाबा ओळखले. शेकडो माणसांत, झगमगाटात, सुटाबुटात. आणि मी म्हटलं, "मैं गोवा का हूँ, साहब."

"गोव्याचा!" ते खूश झाले. "मंग जेवल्याबिगर जाऊ नोको. उत्तम, पाहुन्याले आपल्या पंगतीत बसव."

मी बसलो. पाटलाच्या मांडीला मांडी लावून. त्यांनी स्वतः आग्रह करून जिलबी वाढली, "घ्या पॉलसायेब, लाजू नोका." मांडवाच्या टोकाला दुसऱ्या कुठल्या गावचे वाजंत्री पंगत उठायची वाट पाहत बसले होते. एक म्हातारा डफडं मांडीवर पालथं घालून माझ्याकडे पाहत होता. पाटील म्हणाले, "आमच्या गावचे तं माजले. धरम बदलला अन् वाजवनं सोडलं. पुंज्यानं नादी लावलं साऱ्यायले."

मी मान हलवली. होकारार्थी. मला ते टाळता आलं असतं, तोंडात घास होता, मान हलवायची काही गरज नव्हती.

आणि जिलबी गोड लागली. हे कुणाला सांगू? गरम होती, गोड होती, मी दुसऱ्यांदा घेतली. माय खडी फोडत होती ते सगळे दिवस माझ्या डोळ्यांपुढं होते आणि तरी मी दुसऱ्यांदा घेतली.

हे चुलीत टाक. बाबांना यातलं अक्षरही कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

धर्मपाल


अकोला
२४ जुलै १९६६

ललिते,

तुझं कार्ड परवा मिळालं. तू जूनपासून अमरावतीच्या ट्रेनिंग कॉलेजात आहेस! आणि म्हणतेस, मी तुला आधीच कळवलं होतं. ते कार्ड केशवरावांच्या दुकानात रेडिओच्या खोक्याखाली सापडलं, आम्ही तेव्हा भुसावळला होतो.

मग माझं तीन तारखेचं पत्र घरी कुणी वाचलं? मायला वाचता येत नाही. बाबांना येत नाही. वस्तीत सातवी झालेली पोरं आहेत, त्यांतलं कुणी विहारात बसून मोठ्यानं वाचलं असेल का? मला जेवण जात नाही. काल तीन ताल चुकलो. उलट टपालानं लिही, काय ते स्पष्ट लिही.

दादा


अकोला
१० ऑगस्ट १९६६

बाबा,

या पत्रात ललितेसाठी काही नाही. सगळं तुमच्यासाठी आहे, कारण सगळं तुम्हीच वाचता.

तिनं कळवलं. मी अमरावतीला कॉलेजात गेलो त्याच वर्षी तुम्ही विहारातल्या प्रौढांच्या वर्गात जाऊन बसलात. मला सांगू दिलं नाहीत, कारण तुम्ही म्हणाला होतात, "त्याले लिवूनच दाखवीन, मंग पाहीन तोंड त्याचं." तेवढ्यात माझं अकोल्याहून पहिलं पत्र आलं. ललितेनं वरचं वाचून दाखवलं आणि पत्र फडताळात ठेवलं. ती पाण्याला गेल्यावर तुम्ही ते काढून बोट ठेवत ठेवत शेवटपर्यंत वाचलंत. मग तिला एवढंच म्हणालात, "त्याले सांगू नोको. त्याच्या तोंडून येऊ दे." मी तिला घातलेली शपथ तिनं पाळली आणि तुम्ही घातलेलीही पाळली. तिचा काही दोष नाही.

म्हणजे खुर्ची कशी आहे हे विचारलंत तेव्हा तुम्हाला मी ड्रम वाजवतो हे माहीत होतं. तुम्ही मला दार उघडून दिलं होतं आणि मी मोठ्या ऐटीत लिहिलं, ती फिरते. कानात कापूस घाल म्हणालात तेव्हाही माहीत होतं. आणि मी चिखलदऱ्यात बसून, बाबांना जिनिंगच्या मशिनींचं कसं लक्षात राहिलं म्हणून हसलो होतो. तुम्हाला अक्षर येत नाही हे मी इतक्या खात्रीनं धरून चाललो होतो की त्याच्या आडोशाला बसून वाटेल ते लिहिलं. पाटलानं तुम्हाला जेवढं मोजलं, त्याहून मी काही जास्त मोजलं नाही.

बाबा, जिलबीचं तुम्ही वाचलंत. एकट्यानं वाचलंत. ते वाचताना माय जवळ होती का, तिला तुम्ही काय सांगितलंत, हेच रोज मनात येत राहतं. मी माफी मागणार होतो, पण कोणत्या गोष्टीची आधी मागू हे ठरेना. वाजवण्याची मागू म्हटलं तर ती खोटी होईल, मी वाजवणं सोडणार नाही. पण तुमचं नाव निघाल्यावर मी गोव्याचा झालो, आणि तुमची निंदा चालली असताना मान हलवली, याची मला जन्मभर लाज वाटेल.

शिव्या द्या, पण लिहा.

धर्मपाल


अकोला
१९ फेब्रुवारी १९६७

बाबा,

सहा महिने झाले, तुमचं अक्षर नाही. ललितेला विचारलं तर म्हणते, बाबा बरे आहेत, आणि विषय बदलते.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. पाटलाच्या उत्तमरावाला मुलगा झाला. मार्चच्या सव्वीस तारखेला बारसं आहे, आपल्याच गावात, त्यांच्या दारापुढं मांडव घालून. त्यांनी आमचा ऑर्केस्ट्रा बोलावला आहे आणि निरोपात मुद्दाम म्हटलंय, तो गोव्याचा पॉल पाहिजे. केशवराव शब्द देऊन बसले आहेत.

मी आलो तर आपल्या वस्तीसमोरून जावं लागेल. आलो नाही तर केशवरावांना कारण सांगावं लागेल, आणि ते कारण सांगायची माझी अजून जीभ उचलत नाही. मी काय करू? पूर्वी मी तुम्हाला न विचारता सगळं केलं. या वेळी विचारतो आहे. तुम्ही म्हणाल ते करीन.

धर्मपाल


अकोला
१८ मार्च १९६७

बाबा, जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. तुमच्या हातचं पहिलं. अक्षरं पाटीवरच्यासारखी मोठी आहेत आणि ओळ शेवटी उतारावर गेली आहे. 'धर्मपाल' मात्र काळजीनं काढलंय, रफारही जागच्या जागी. मला ते पाठ झालंय, पुन्हा लिहून दाखवतो:

"चिरंजीव धर्मपाल यास जयभीम. पाटलाकडे वाजवायचे की नाही ते तुझे तू पाहा. जेवायला घरी ये. पुंजाजी."

मी ते वाचलं आणि केशवरावांकडे गेलो. ते एका रेडिओची पाठ उघडून बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, कुठला, कुणाचा, कोणत्या वस्तीतला. ते बराच वेळ तारा जुळवत राहिले. मग म्हणाले, "मले काय करायचं हाय त्याच्याशी? मले तं तुहा हात पाह्यजे. पन पाटलाले काहून सांगतं? चष्मा लाव, वाजव, ये." मी म्हटलं, माझं पूर्ण नाव कळवा, मगच वाजवीन. त्यांनी कपाळाला हात लावला, पण माणूस पाठवला.

पाटलाचा निरोप काल आला. माणसानं जसाच्या तसा सांगितला: "पुंज्याचं पोरगं होय थे? मंग त्याच्याशी पैशाचं बोलनं कायचं करता? बापाचं कामच होय. बापानं इतके पोळे बुडवले, पोरानं तरी येऊन वाजवावं म्हना. पंगत उठल्यावर अंगनात जेवन भेटन."

बाबा, हात तोच, ड्रम तोच. गोव्याचा होतो तोवर पॉलसाहेब होतो आणि शेजारी जिलबी होती.

केशवराव माझ्याकडे पाहत होते. मला शब्द शोधावे लागले नाहीत. मी म्हटलं, "आता नाई वाजवत आमी."

"आमी म्हंजे कोन?" ते म्हणाले. "तू तं एकटाच उभा हायेस." नंतर त्यांनीच पाटलाला नकार कळवला, शिव्या घालत, पण कळवला. पुढच्या महिन्यात अमरावतीला तिकिटाचा कार्यक्रम आहे. बोर्डावर धर्मपाल खंडारे असं रंगवून घेतलंय. तुम्ही या असं मी म्हणत नाही. म्हणायचा मला हक्क नाही.

एक नकार दिला म्हणून माझं तोंड धुतलं गेलं असं मला वाटत नाही. तुम्ही तो नकार दिलात तेव्हा घरात उद्याचे दाणे नव्हते. मी दिला तेव्हा माझ्या खोलीत स्टोव्हवर चहा उकळत होता.

सव्वीस तारखेला कार्यक्रम नाही. तरी मी त्याच दिवशी येतो, दुपारच्या एस.टी.नं. फाट्यावर उतरून पाटलाच्या दारावरूनच चालत येईन, काळा चष्मा न लावता. ती खुर्ची बरोबर आणतो. बिनहाताची आहे, पण तुम्ही एकदा बसून पाहा. तुम्ही नाही म्हणालात तर माय बसेल, तिला फिरायला आवडेल.

दारात आल्यावर तुमच्याकडे वर पाहणं मला जमेल की नाही, माहीत नाही. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. ताट मांडलेलं असलं तर मी बसेन.

तुमचा,
धर्मपाल